प्रश्न क्रमांक सात

चाळीस फॉर्म, दोन पेनं, एक पुठ्ठा घेऊन
सकाळच्या गाडीनं कसनसूरच्या बाजारात उतरले.
पहिले सहा प्रश्न सोपे :
वय, शिक्षण, घरात माणसं किती, चूल की गॅस.
सातव्यात लिहिलं होतं,
अन्न म्हणून कीटक आपणांस कसे वाटतात?
खाली पाच चौकोन.
'फार किळसवाणे'पासून निघून 'आवडतात'पर्यंत जायचं,
मधे एक 'सांगता येत नाही',
चढावर टेकायला दगड असावा तसा.

भज्यांच्या कढईमागून दिवाकर कुनघाडकर म्हणाला,
"पयल्यावर मारा फुली, पुढचं वाचूच नोका."
आणि झाऱ्यानं तेलातली माशी काढून
रस्त्यावर झटकली.

ग्रामसेवकाच्या बाईंनी पदर नाकाशी नेला.
त्यांच्या पिशवीत अर्धा किलो सुके झिंगे,
मिशांसकट.
"ते वेगळं," त्या म्हणाल्या.
मी विचारलंच नव्हतं.

कृषी डिप्लोमाचा पोरगा, गळ्यात इअरफोन :
"पावडर असन, वरतं पाकीट असन,
प्रोटीन लिवलेलं असन, तं चालते.
पाय नाही दिसले पायजे."

कोतवालानं तापात खाल्ल्या होत्या, औषध म्हणून.
औषधाला चौकोन नव्हता.
समासात लिहिलं.

मोहाखाली कुम्मे पुंगाटी बसली होती.
पळसाच्या द्रोणांत तांबड्या मुंग्या,
मधे पांढरी अंडी, तांदळाच्या कण्या सांडल्यासारखी.
एखादी काठावर चढली की
ती बोटानं तिला आत ढकलायची,
रांगतं मूल उंबऱ्यावरून मागं घ्यावं तशी.

आठवीतला लालसू माझं तिला सांगत होता, तिचं मला.
सातव्याशी तो अडला.
किळसवाणे. दोनदा पुटपुटला,
मोहाकडं पाहिलं, चप्पल पाहिली,
मग भलतंच काहीतरी विचारून मोकळा झाला.
कुम्मे हसली. दंड दाखवला, त्यावर लाल गांधी.
"मी विचारलं, भेव वाटते का," लालसू म्हणाला.
"ते म्हणते, चावतात तवा."

यालाही चौकोन नव्हता.

तिनं मिठात वाटलेली चिमूट पानावर दिली.
जिभेच्या कडेला आधी आंबट, मग झिणझिण,
आणि त्याच्या पाठोपाठ
वसतिगृहाची खोली नंबर चौदा.

सुंदरी हिचामीचा जर्मनचा डबा.
रात्री लाइट गेल्यावर आम्ही सहाजणी,
शिळ्या भाकरीशी,
डब्याचा तळ बोटांनी पुसून खाल्लेला.
सकाळी वॉर्डनबाई दारात :
कसला वास हा? काय खाल्लंत?
पाच बोटं उठली सुंदरीकडं.
एक माझं.
पाचही तेव्हा आंबट होती.
दिवाळीनंतर ती परत आली ती
दुकानातल्या बिस्किटांचे पुडे घेऊन,
आणि सगळ्यांना वाटत बसली.

"दाहा रुपये," कुम्मे म्हणाली.
हे तिनं थेट मराठीतच सांगितलं.
मी एक द्रोण घेतला,
एका कोऱ्या फॉर्मात गुंडाळला.

उरलेली फुलं-फुल्यांची बेरीज गाडीत बसून केली :
एकतीसजण पहिल्या चौकोनात,
कुम्मे कुठेच नाही.
एक ओळ रिकामी होती, माझ्यापुरती.
पण विचारणाऱ्यानं आपला भरायचा नसतो, असं
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
आणि मला ते फार सोयीचं वाटलं.

आलापल्लीच्या वळणावर पिशवी कलंडली.
शेजारची म्हातारी हुंगून म्हणाली,
"काय हाय वो पोरी? आंबट वास येऊन राह्यला."
सगळी गाडी ऐकत होती,
निदान मला तसं वाटलं.

"चिंच आहे," मी म्हटलं.